जळूदेचं डोकं

माझ्या नणंदेबद्दल माझ्यासमोर कुणी वेडंवाकडं बोललेलं मला अजिबात खपत नाही. ते काम माझं आहे आणि मी ते मन लावून करते.

नाव आकोलपोका. आमच्या ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. नवरा गेल्यावर सासरी जावांशी पटेना, म्हणून त्या माहेरी परत आल्या. त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर एक गाठोडं होतं आणि मागून एक कुत्री चालत येत होती. मूलबाळ काही नव्हतं. गाठोडं कोपऱ्यात ठेवलं, कुत्री दारात बसली, आणि झाल्या त्या आमच्या घरच्या. कुत्रीचं नाव होतं जळूदे.

आता घानाच्या उत्तरेला, आमच्या न्यारिगा गावात कुत्र्याचं नाव काही कुत्र्यासाठी ठेवत नाहीत, शेजाऱ्यांसाठी ठेवतात. तोंडावर भांडायचं नसेल तर कुत्रं पाळायचं आणि दिवसभर त्याला हाक मारायची. ज्याला झोंबायचं त्याला बरोबर झोंबतं. वन्सं म्हणायच्या, हे नाव सासरच्या जावांसाठी ठेवलेलं. असेल बाई! पण जावा राहिल्या पलीकडच्या गावात, आणि सकाळ-संध्याकाळ "जळूदे! ए जळूदे!" ऐकायला अंगणात कोण? मी. मी चुलीपाशी बसले की हाक हटकून माझ्या पाठीमागून यायची. मग मीही एक कुत्रं आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'कोणजळतंय'. काही दिवस आमच्या अंगणात दुसरं बोलणंच नव्हतं. शेवटी आमचे हे म्हणाले, "दोघींतलं एक तरी कुत्रं कमी करा, मला वेड लागेल." माझं कुत्रं मी माहेरी पाठवून दिलं. शहाणपणा नेहमी धाकटीनेच दाखवायचा असतो.

जळूदे दिसायला काही खास नव्हती. पिवळट रंग, काटकुळे पाय, डावा कान मधोमध फाटून लोंबलेला. मान कायम एका बाजूला कललेली, समोरचा थापा मारतोय आणि आपण ऐकून घेतोय अशी. येणाऱ्या-जाणाऱ्याची पोटरी धरायची तिला खोड होती. आणि वन्सं जागच्या न उठता, हातातली टोपली विणत विणत म्हणायच्या, "ये रे ये, काही करत नाही ती." कुत्री पोटरी तोंडात धरून उभी असतानासुद्धा हेच!

टोपली मात्र त्यांच्यासारखी कुणाची नाही, हे मी शत्रू असून सांगते. गवताची काडी दातात धरून उभी चिरायची, दोन्ही फाका तळहातांत घोळून पीळ द्यायचा, आणि तळापासून गोल गोल फिरत वर यायचं. आम्ही बाकीच्या मध्येच थांबतो, डोळा बारीक करून बघतो, फुगवटा आला की उसवतो आणि शिव्या देतो. वन्सं बोलत असतात, भांडत असतात, पेंगत असतात, आणि टोपली आपली गोल होत असते. बोल्ग्याच्या बाजारातले व्यापारी सगळ्यांच्या टोपल्या उलट्यापालट्या करून बघतात, त्यांची नुसती उचलून थप्पीवर टाकतात.

आणि नेमका हाच त्यांच्या जिवाला घोर होता. एकदा मला म्हणाल्या, "तालाता, कुणी बघतसुद्धा नाही गं. माझ्या टोपलीकडे बघून आजवर कुणी थांबलं नाही."

मी म्हटलं, "माझ्या टोपलीकडे बघून थांबतात आणि परत करतात. तुमचं बरं चाललंय."

गेल्या पावसाच्या शेवटी जळूदे म्हातारपणाने गेली. वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी कडुलिंबाखाली खड्डा खणला, आणि तेवढ्यात बायोर येऊन हजर झाला.

हा बायोर म्हणजे गावोगाव फिरून गुराढोरांना, कुत्र्यांना लस टोचणारा माणूस. सहा फूट उंच, डोकं भोपळ्याएवढं. तो दागाबा जमातीचा आणि आम्ही फ्राफ्रा, म्हणजे थट्टेचे सोयरे. त्याच्या आणि आमच्या पणजोबांचं म्हणे एका भाजलेल्या कुत्र्याच्या मुंडक्यावरून वाजलं होतं. तेव्हापासून मुंडकं कुणाचं हा वाद चालू आहे आणि तो मिटावा अशी कुणाचीच इच्छा नाही. त्याने आम्हाला चोर म्हणायचं, आम्ही त्याला भुक्कड म्हणायचं, आणि जो रागावला तो हरला. आमच्यात मयत झालं की हे दागाबा सगळ्यांच्या आधी पोचतात. प्रेताच्या वाटेत आडवे पडतात, मेलेल्याची नक्कल करतात, आणि ज्वारीच्या दारूचा तुंबा हातात पडल्याशिवाय उठत नाहीत. रडणारी माणसं हसायला लागली की त्यांचं काम झालं.

तर बायोर खड्ड्याशी उभा राहून म्हणाला, "म्हातारे, मुंडकं माझं. पुरायचं तर धड पूर."

एरवी वन्संनी त्याला चार सुनावल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी मुसळ उचललं आणि त्याला रस्त्यापर्यंत पिटाळला. बायोर लांबून ओरडला, "रागावलीस! हरलीस! मुंडकं उधार राहिलं गं!" वन्सं परत आल्या, खड्डा बुजवला, आणि संध्याकाळी टीझेडचा, म्हणजे ज्वारीच्या घट्ट लापशीचा, एक घास खाऊन उठल्या. इतकी जुनी भांडखोर बाई, पण त्या दिवशी मला त्यांच्याशी भांडवेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विणकामाचा वर्ग घ्यायला सेर्वा मॅडम आल्या. कुमासी शहरातल्या, कलेचं शिक्षण घेतलेल्या, वयाने आमच्या मुलीसारख्या. त्यांनी विणणाऱ्या बायकांना झाडाखाली गोळा केलं आणि सांगितलं, "टोपलीचं गवत तेच, पीळ तोच. पण आता त्यातून मूर्ती घडवायची. प्राणी, माणूस, झाड, मनात येईल ते. फक्त एक नियम. गोल काही करायचं नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोल नाही तर मग काय? टोपलीला कोपरे असतात होय?

वन्संनी मात्र पदर खोचावा तसं अंगावरचं कापड करकचून बांधलं आणि पुढे जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी ठरवलं, एका अंगाने फुगवटा काढायचा. मॅडम फेरी मारून येईपर्यंत टोपली गोल. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने विणलं. गोल. मग डोळे मिटून विणलं. ती तर इतकी गोल झाली की व्यापाऱ्याने पळवलीच. मग कुणीतरी म्हणालं, दारू पिऊन हात वाकडा पडतो. वन्संनी दोन तुंबे रिचवले, गाणी म्हटली, माझ्या माहेरचा उद्धार केला, आणि जी टोपली केली तिच्यासारखी सुबक टोपली मी जन्मात पाहिली नाही. ती पाहून त्या ढसाढसा रडल्या.

"हात मेलेत गं माझे," म्हणाल्या. "सगळं गोल गोल करून मेलेत."

मॅडम त्यांच्याजवळ बसल्या. "आजी, टोपली करू नका. जे तुम्हाला रोज डोळ्यांसमोर दिसतं ते करा."

वन्सं दुसऱ्या दिवसापासून घरातच, कोठीच्या आडोशाला बसून काहीतरी मोठं विणायला लागल्या. चार नळकांड्या झाल्या, मग एक लांबट पोट झालं, पोटाला नळकांड्या जोडल्या गेल्या. आम्ही विचारायचं नाही अशी तंबी होती. विचारलं नाही, पण अंदाज बांधायला कोण अडवतंय? शेजारीण म्हणाली पाणघोडा. तिची सासू म्हणाली, उलटी टोपली, चार कड्यांची. मी म्हटलं शेळी. आमचे हे संध्याकाळी थकून आले, म्हणाले, "वा, ताईने माझ्यासाठी स्टूल केलं," आणि बसले!

जो काही आवाज झाला तो झालाच, पण त्यानंतर वन्सं जे ओरडल्या ते शेजारच्या गावात ऐकू गेलं असेल. "ऊठ मेल्या! जळूदे आहे ती!"

आमचे हे उठले. जळूदे भाकरीसारखी चपटी झाली होती. पण बोल्ग्याच्या टोपलीला असं मरण नसतं. पाण्यात बुडवली की गवत मऊ होतं, आतून मुठीने ढकलत आकार द्यायचा आणि उन्हात ठेवायची. हरमट्टनचा वारा सुटलेला, त्यात ओलं काहीही बघता बघता खडखडीत वाळतं आणि जसं असेल तसंच घट्ट बसतं. वन्संनी ती रात्रीच्या आत उभी केली. आमच्या ह्यांना मात्र आठवडाभर कुठे बसू दिलं नाही.

मग डोकं झालं. ते वेगळं विणून मानेवर बसवायचं होतं. मॅडम बघायला आल्या आणि खूप वेळ बघत राहिल्या. "आजी, फार सुंदर आहे. पण दोन्ही कान अगदी सारखे कसे? मान इतकी सरळ? ती अशीच होती?"

वन्संच्या आधी मीच बोलले, "कुठली सरळ! मान वाकडी, कान फाटका, स्वभाव त्याहून वाईट."

"मग तसा करा ना."

वन्संनी डाव्या कानाला हात घातला, चार पीळ उसवले, पुन्हा विणले. कान पुन्हा उजव्यासारखाच झाला. परत उसवला. परत तेच. शेवटी म्हणाल्या, "नाही होत पोरी. वाकडं केलं की हात भाजतो. लोक म्हणतील म्हातारीला आता विणता येत नाही."

मॅडमनी मान हलवली आणि मग सगळ्यांना पुढचा नियम सांगितला. बाजाराच्या दिवशी बोल्ग्यात, कारागिरांच्या अंगणात, सगळ्यांच्या वस्तू मांडायच्या. नाव कशालाच लावायचं नाही. जिने केलं तिने तोंड उघडायचं नाही. जी वस्तू बघणाऱ्याने आपणहून ओळखली, तिची करणारी पुढच्या वर्गात. बाकीच्यांनी आपल्या गोल टोपल्या खुशाल कराव्यात, त्यातही काही वाईट नाही.

त्या रात्री, म्हणजे जेवणं उरकल्यावर, वन्सं मला म्हणाल्या, "तालाता, पुढच्या वर्गाचं जाऊ दे. पण तिला बघून कुणी म्हणालं ना, की ही जळूदे, तर मी समजेन माझ्या हातांत जीव आहे."

मी म्हटलं, "निदान शेळी तरी म्हणतील." आणि मग मलाच कसंतरी वाटलं, म्हणून त्यांचे पाय शिआच्या लोण्याने चोळून दिले. त्यावरही म्हणाल्या, "जोर नाही तुझ्या हातांत." ही असली बाई!

बाजाराच्या सकाळी आमच्या ह्यांच्या मालवाहू तीनचाकीत जळूदेला आडवी ठेवली. धूळ बसू नये म्हणून वरून माझं पांढरं कापड घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. एका बाजूला वन्सं बसल्या, दुसऱ्या बाजूला मी. वन्संचा चेहरा काळजीने सुतकी. धूळ जाऊन माझ्या डोळ्यांना पाणी लागलेलं. आमचे हे खड्डे चुकवत हळूहळू चालवत होते. धरणाच्या वळणावर समोरून बायोर आला, मोटारसायकलवर, लशीचा डबा पाठीला लावून.

त्याने पांढरं कापड पाहिलं. आमची तोंडं पाहिली. मोटारसायकल टाकली रस्त्याच्या कडेला आणि धाडकन तीनचाकीसमोर आडवा पडला.

"नाही जाऊ देणार!" तो हात-पाय झाडत ओरडला. "कोण मेलं? कुठला फ्राफ्रा मेला? माझ्या आजोबांचा गडी होता तो! न विचारता मेलाच कसा?"

"अरे ऊठ, प्रेत नाही ते," आमचे हे म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात! दारू आणा!"

"मेल्या, प्रेत गावातून बोल्ग्याला कोण नेतं?" मी ओरडले.

"तुमचं काय सांगावं? तुम्ही फ्राफ्रा, उलटेच न्याल!" आणि त्याने मेलेल्याची नक्कल सुरू केली. डोळे पांढरे केले, जीभ बाहेर काढली, कण्हत कण्हत म्हणाला, "हाय, मी फ्राफ्रा, मी उपाशी मेलो, माझी सगळी चूल दागाबांना द्या." रस्त्याने बाजाराला निघालेल्या बायका थांबल्या. कुणी हळहळलं, कुणी हसायला लागलं. एक म्हातारी तर माझ्याजवळ येऊन माझं सांत्वन करायला लागली. आता तिला काय सांगू, गवत आहे म्हणून?

वन्संना नियम माहीत होता, रागावलं की हरलं. त्यांनी दात आवळले. "बायोर, ऊन चढतंय. वाट सोड."

"प्रेताचं तोंड बघितल्याशिवाय नाही," म्हणून तो उठला आणि त्याने कापडाचं टोक उचललं. पायांकडचं. चार काटकुळे पाय दिसले. तो चमकला. "हे काय, बाज आहे?" मग त्याने दुसरं टोक उचललं आणि त्याचा जबडा खालीच आला. "कुत्रं! अरे, हे तर कुत्रं!"

वन्संनी माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या. कुत्रं म्हणाला! कुणी न सांगता!

पण दागाबाने कुत्रं ओळखलं तर पुढे काय होणार, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. "मुंडकं माझं!" असं ओरडून त्याने दोन्ही हातांनी डोकं पकडलं, पिळलं, मानेपासून सोडवलं आणि काखेत मारून मोटारसायकलवर बसला. "तेव्हा उधार ठेवलं होतंस म्हातारे! वसूल!" आणि गेला धुरळा उडवत.

मी त्याच्या सात पिढ्यांना अशा शिव्या दिल्या की मघाची सांत्वन करणारी म्हातारी घाबरून पळाली. आमचे हे म्हणाले, तीनचाकीने त्याला गाठणं शक्य नाही. आणि वन्सं? वन्सं गालातल्या गालात हसत होत्या.

"डोकं गेलं आणि हसताय काय?"

"कुत्रं म्हणाला गं." मग थोड्या वेळाने, धरण मागे पडल्यावर, हसू मावळलं. "पण कुत्रं म्हणाला. जळूदे नाही म्हणाला. पोटरी धरली होती तिने त्याची, लस टोचताना. तरी नाही ओळखली."

 धूळ लागतेय म्हणून मी कापड परत नीट खोचलं.

कारागिरांच्या अंगणात बिनडोक्याची जळूदे मांडली. एका बाजूला कुणाची मगर होती, दुसऱ्या बाजूला गिनी कोंबडी. मगर लगेच ओळखली गेली. कोंबडी ओळखली गेली. आमच्यापाशी लोक थांबायचे, मान खाजवायचे. एक म्हणाला टेबल. एकीने विचारलं, "वरच्या भोकातून धान्य ओतायचं का?" एका व्यापाऱ्याने आत हात घालून बघितला. वन्सं तोंडाला कुलूप लावून बसलेल्या, आणि मलाही नियम लागू, कारण मी शेजारी बसलेली. दिवसभर गप्प बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझ्या पोटात दुखायला लागलं. मॅडम लांबून दोनदा आल्या, बघितलं, आणि पुढे गेल्या.

उन्हं कलायला लागली तशी बाजाराच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. आधी कुत्री आली. बाजारातली यच्चयावत कुत्री, भुंकत. त्यांच्यामागे माणसं, खिदळत. आणि मधोमध, दारू विकणाऱ्या बाईचा हात धरून, अडखळत, चाचपडत, खांद्यांवर जळूदेचं डोकं घातलेला बायोर.

झालं होतं असं की मुंडकं जिंकल्याचा आनंद साजरा करायला तो थेट गुत्त्यावर गेला होता. तिथे त्याला ते डोक्यात घालून नाचायची हुक्की आली. भोपळ्याएवढं डोकं, जाईना. मग त्याने ते पाण्याच्या रांजणात बुडवलं, ओढून ताणून मोठं केलं, घातलं, आणि नाचला. नाचला तो नाचला, वर उन्हात हरमट्टनच्या वाऱ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून बाजारभर मिरवला. गवत वाळलं, आणि हनुवटीखाली असं आवळलं की आता निघेना.

"म्हातारे!" आतून आवाज आला. "काढ हे! श्वास कोंडतोय! भुंकून भुंकून घसा बसला माझा!"

नियम गेला खड्ड्यात. मी म्हटलं, "दारू आण आधी! दोन तुंबे! त्याशिवाय कुणी हात लावणार नाही!"

"तीन देतो गं!"

बघे पोट धरून हसत होते. टोपल्यांना चामड्याच्या मुठी शिवणारा एकजण धारदार सुरी घेऊन पुढे आला. वन्सं ताडकन उठल्या. "डोक्याला सुरी लावशील तर खबरदार!"

बायोरचा आतून गहिवरलेला आवाज आला, "शेवटी माया आहे गं तुला."

"तुझ्या नाही रे, कुत्रीच्या."

मग आसपासच्या बायकांनी पाण्याच्या पिशव्या फोडल्या आणि त्याच्यावर ओतायला सुरुवात केली. तो ओरडतोय, कुत्री भुंकताहेत, वन्सं मानेत बोटं घालून गवत सैल करताहेत, आमचे हे मागून त्याची कंबर धरून ओढताहेत. शेवटी बुचासारखं डोकं निघालं. बायोर एकीकडे पडला, हे दुसरीकडे. आणि वन्संच्या हातात राहिला तो एक ओला, लोळागोळा झालेला, कुठूनही कुठेही फुगलेला गवताचा गोळा. डावा कान ओढाओढीत फाटून लोंबत होता.

 मला वाटलं, आता या बसतील रडत. संपलं.

वन्संनी तो गोळा मांडीवर घेतला. आत मूठ घातली. दोन्ही अंगं सारखी करायला त्यांचे अंगठे आपोआप धावले, मी पाहिलं, आणि मग थांबले. त्यांनी फाटक्या कानाकडे बघितलं. तो सांधला नाही. फक्त दोन बोटांनी जरा पुढे वाकवला. नाकाड एका बाजूला गेलं होतं, तसंच राहू दिलं, नुसतं दाबून निमुळतं केलं. मग उठून त्यांनी डोकं मानेवर ठेवलं, दोन पिळांनी बांधलं, आणि सरळ बसलेलं ते डोकं हळूच एका बाजूला कलतं केलं. थापा ऐकून घेत असल्यासारखं. हात बाजूला काढले. 

 आता बोलले तर रडेन म्हणून मी ओठ चावला.

बायोर तोंडावरचं पाणी पुसत उठला. काहीतरी खोचक बोलायला त्याने तोंड उघडलं, वळला, आणि तिथेच थबकला. त्याचा हात आपोआप उजव्या पोटरीवर गेला. एक पाऊल मागे आला, मग दुसरं, मग आरडाओरडा ऐकून आलेल्या सेर्वा मॅडमच्या मागे जाऊन उभा राहिला. सहा फुटांचा बाप्या, त्या चिमुरडीच्या पाठीमागे!

"जळूदे!" तो म्हणाला. "अगं, जळूदे आहे ही! बांधा तिला आधी, कुणीतरी बांधा!"

मॅडमनी विचारलं, "कोण जळूदे?" पण त्यांना उत्तर द्यायला कुणाला वेळ होता? मी हमसून हमसून रडत होते, आणि आमचे हे माझ्या पाठीवर हात फिरवत स्वतःही नाक ओढत होते.

वन्संनी डोळे पुसले नाहीत. एक हात जळूदेच्या मानेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बायोरला जवळ बोलावलं.

"ये रे ये," म्हणाल्या. "काही करत नाही ती."